चमच्यांच्या डब्यातलं अंडं

नवऱ्याकडे सत्तावीस चमचे होते. मासेमारीचे. इंग्रजीत त्यांना स्पून म्हणतात. आमच्या घरात पहिल्या दिवसापासून चमचेच म्हटलं गेलं. जेवणाच्या चमच्याचा दांडा कापून टाकला तर जे उरेल, तसा बोटभर लांबीचा धातूचा खोलगट तुकडा. एका टोकाला तीन काट्यांचा गळ, दुसऱ्या टोकाला दोरी बांधायची कडी. पाण्यातून ओढला की तो जखमी मासळीसारखा डोलतो आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो.

नवरा ज्या माशाच्या मागे असायचा त्याचं नाव लेक ट्राउट. हा मासा गार पाण्यातला. उन्हाळाभर तो तळाशी असतो, काठावरून त्याला गाठता येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी निवत जातं तसा तो काठाकडे सरकतो आणि एप्रिलपर्यंत तिथे फिरतो. न्यू जर्सीत आम्ही आयसेलिनजवळ राहतो. तिथून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर एक मोठा जलाशय आहे. नवरा तिथे चौदा हिवाळे गेला.

तो नागपूरचा, मीही नागपूरची. तो सव्वीस वर्षं मॅनहॅटनमधल्या एका बँकेचे डेटाबेस सांभाळत होता. रोज सकाळी ट्रेन, रोज संध्याकाळी ट्रेन. मी इकडे येण्याआधी अकरा वर्षं एका मराठी दैनिकात होते. आधी वार्ताहर, मग उपसंपादक. इथे आल्यावरही मी मराठी मजकूर तपासण्याचं काम केलं. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी पडताळल्याशिवाय छापायची नाही, हा तिथला पहिला नियम. तो मी पाळत आले, असं मी समजत होते.

चमचे निवडण्याची त्याची पद्धत ठरलेली होती. शुक्रवारी संध्याकाळी जेवणं झाली की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरायचा, सगळे चमचे त्यावर मांडायचा आणि दुसऱ्या दिवशीचं हवामान फोनवर बघायचा. ऊन की ढग, वारा कुठून, थंडी किती. मग त्यातले चारच उचलायचा. बाकीचे घरी. मी एकदा म्हटलं, सगळेच ने की, असं काय ओझं होणार आहे.

"सगळे नेले की माणूस दिवसभर बदलतच बसतो," तो म्हणाला. "मासा पाण्यात, आणि हा डब्यात डोकं घालून."

"पण कोणते चार, हे कळतं कसं?"

"तू इंडियन स्टोअरमध्ये भेंडीचा शेंडा मोडून बघतेस ना? मोडू नका अशी पाटी लावलेली असताना?"

"सगळ्याच बायका मोडतात."

"तसंच. हातात घेतलं की कळतं."

ते इतकं सोपं नव्हतं. त्याच्या निवडीमागे हिशोब होता आणि तो त्याने मला अनेकदा सांगितला होता. जाड, अरुंद चमचा वाऱ्यातही लांब जातो आणि पटकन बुडतो. तो खोल पाण्यासाठी. पातळ, रुंद चमचा हळू उतरतो आणि जास्त डोलतो. तो उथळ पाण्यासाठी. फेकल्यावर तो मराठीत आकडे मोजायचा आणि चमचा किती खाली गेला ते त्या आकड्यांवरून ओळखायचा. रंग उजेडावर ठरायचा. ढगाळ दिवशी चंदेरी. स्वच्छ ऊन आणि स्वच्छ पाणी असेल तर मंद, काळपट, तांब्या-पितळेचा. लखलखीत चमच्याने मासा बुजतो, असं त्याचं म्हणणं.

"अनोळखी माणसाने तुझ्या तोंडावर बॅटरी मारली तर तू पुढे येशील की मागे जाशील?" तो विचारायचा.

तिथले बरेच मासेमार याच्या उलट सांगायचे. तो त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मी हे सगळं मटार सोलता सोलता ऐकलं. एका कानाने.

आमच्याकडे मासे शिजत नाहीत. नवरा अंडी खायचा, पण ती स्वतः उकडायचा, त्याच्या वेगळ्या पातेल्यात. पकडलेले मासे तो बहुतेक सोडून द्यायचा. शेजारच्या बंगाली बाईंना हे कधीच पटलं नाही. "तासभर गाडी चालवून जातो, दिवसभर थंडीत उभा राहतो आणि हातात आलेला मासा परत पाण्यात टाकतो," त्या मला म्हणायच्या. "याला कुणी काही बोलत का नाही?" हंगामात एकदा तो त्यांच्यासाठी एक मासा आणायचा आणि मग त्या वर्षभर गप्प बसायच्या.

दोन वर्षांपूर्वी, तो सदुसष्ट वर्षांचा असताना, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचं निदान केलं. सुरुवातीची अवस्था. डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. जे जमतंय ते त्याला करू द्या. काही वेगळं दिसलं तर तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. आणि त्याला उलटतपासणी करून कोंडीत पकडू नका, त्याने तो घाबरेल.

आमची लेक पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला, फिजिकल थेरपिस्ट आहे. ती इथेच जन्मली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, हे तिच्या शाळेपासूनचं. निदानाच्या दुसऱ्या दिवशी ती व्हिडिओ कॉलवर होती. बाबांनी एकट्याने जलाशयावर जाणं ताबडतोब बंद करावं, असं तिचं म्हणणं. पाणी आहे, निसरडे दगड आहेत, तासाभराचा हायवे आहे.

"चमचा मला निवडता येतोय तोवर मी जाणार," तो म्हणाला.

"अँड व्हेन यू कान्ट?" लेकीने विचारलं.

"नाही आला निवडता, तर गाडीची चावी मीच तुझ्या आईच्या हातात ठेवीन. बोललो म्हणजे बोललो."

लेक तयार झाली. मीही. त्याने स्वतःच घातलेली अट होती ती, आणि आम्हाला त्याहून चांगली सुचत नव्हती. त्या दिवसापासून त्याचं जाणं-येणं त्या टॉवेलवरच्या चार चमच्यांवर अवलंबून होतं, हे तिघांनाही माहीत होतं.

मी नोंदवही सुरू केली. हे काम मला येत होतं. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं. विशेषणं नाहीत, तर्क नाहीत. चष्मा फ्रीजमध्ये. एकच प्रश्न वीस मिनिटांत तीनदा. धाकट्या भावाचं नाव आठवायला वेळ. गेल्या सप्टेंबरअखेरीची एक नोंद अशी आहे: माझी नेलपॉलिश काढायची बाटली गॅरेजमध्ये, त्याच्या कामाच्या टेबलावर सापडली. निम्मी रिकामी. विचारलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी देवाची भांडी घासायला काढली. तांब्या, पळी, ताम्हण, समई. चिंच-मिठाने घासून, धुऊन, पुसून उन्हात ठेवली. वाडग्यात चिंचेचा कोळ बराच उरला होता. नवरा लायब्ररीत गेला होता. मी रिकामी टोपली ठेवायला गॅरेजमध्ये गेले आणि त्याच्या टेबलावर श्रीखंडाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा दिसला. झाकण घट्ट लावलेलं. उघडला, तर आतून वास आला.

डब्यात अकरा चमचे होते, सगळे तांब्या-पितळेचे. मध्ये मसाल्याच्या डब्यातली एक वाटी आणि वाटीत सालासकट दोन तुकडे केलेलं उकडलेलं अंडं.

मी तिथे काय पाहिलं ते मला नीट आठवतं, कारण पाहून लक्षात ठेवण्याची सवय आहे. चमचे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये टूथपिक घातल्या होत्या. गळ आधीच काढून वेगळ्या पिशवीत, कागदात गुंडाळून ठेवले होते. काही चमचे तपकिरी झाले होते, काही काळे. हे सगळं मी पाहिलं. वहीत लिहिलं ते एवढंच: सकाळी ९.४०, गॅरेज. मासेमारीचे चमचे आणि उकडलेलं अंडं एकाच डब्यात. चमचे काळे पडलेले. विचारलं नाही.

अंडं मी फेकून दिलं. वाटी दोनदा साबणाने धुतली. मग उरलेला चिंचेचा कोळ घेतला, हातमोजे घातले आणि अकराही चमचे घासले. तपकिरी डाग लवकर निघाले, काळ्यांना वेळ लागला. शेवटी देवघरातली उदबत्तीची राख लावली तेव्हा कुठे ते नव्यासारखे झाले. तो विसरला म्हणून वस्तूंची हयगय होऊ नये, एवढाच विचार होता. दसरा तोंडावर होता. त्याला बरं वाटेल, असं वाटलं.

संध्याकाळी त्याने डबा उघडला.

"हे कोणी केलं?"

"मी. उद्या दसरा नाही का? किती काळे पडले होते."

"हो," तो म्हणाला. "पडले होते." मग एक चमचा दिव्याकडे धरला. "छान चकाकतायत."

त्या आठवड्यातला शनिवार स्वच्छ उन्हाचा असणार होता. शुक्रवारी त्याने टॉवेल अंथरला, सगळे चमचे मांडले, हवामान पाहिलं. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, पालथा केला, ठेवला. मी भांडी लावत होते. भांडी संपली, ओटा पुसून झाला, तरी तो तिथेच होता. चाळीस मिनिटं. मी घड्याळ पाहत होते. शेवटी त्याने टॉवेलची चारही टोकं धरून सगळे चमचे पेटीत ओतले.

"सगळे नेतो उद्या," तो म्हणाला.

मी लिहिलं: चमचे निवडता आले नाहीत. सत्तावीसही नेले.

नोव्हेंबरात डॉक्टरांची भेट होती. लेक फोनवर, स्पीकर चालू. डॉक्टरांनी नोंदी वाचायला सांगितल्या आणि मी वाचल्या, एकेक, तारखेसह. त्यांनी नंतर माझं कौतुक केलं. इतकं स्पष्ट फार कमी नातेवाईक लिहितात, म्हणाले. अंड्याची नोंद वाचली तेव्हा लेक पलीकडून "ओ गॉड, बाबा" म्हणाली.

"अंडं?" नवरा म्हणाला. तो माझ्याकडे वळला. "अगं, ते काळे करायला... ते अंड्यात असतं ना, ते..." त्याने बोटं एकमेकांवर घासली. शब्द येत नव्हता. "काळंच पाहिजे होतं ते."

डॉक्टरांनी मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

पुढची नोंद चमचे न निवडता आल्याची होती. ती मी वाचली. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले: गाडी चालवण्याची रीतसर चाचणी घ्यायची, किंवा चाचणीशिवाय थांबवायचं. निर्णय कुटुंबाचा. लेक म्हणाली, चाचणी कशाला, अंड्यानंतर आणखी काय बघायचंय. मी हो म्हटलं.

नवऱ्याने कोटाच्या खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"बोललो होतो," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो जलाशयावर गेला नाही. मी नेते म्हटलं तर आज नको म्हणायचा. चमच्यांची पेटी गॅरेजमध्ये होती. जानेवारीत तो चालायला गेला आणि दोन गल्ल्या पलीकडे एका अनोळखी घराच्या पायरीवर सापडला. ती नोंद खरी आहे. त्यानंतरच्या आणखी काही नोंदीही.

मार्चमधल्या एका सकाळी, नाश्ता करताना, तो स्वतःहून म्हणाला, "पाणी अजून गार असेल." मी लगेच गाडी काढली. वाटेत, जलाशयाच्या अलीकडे, मासेमारीच्या सामानाचं एक दुकान आहे. त्याचं वार्षिक लायसन काढायचं होतं आणि रीलवरची दोरी बदलायची होती. तो इतकी वर्षं तिथे जात होता. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं.

दुकानाची मालकीण सत्तरीची, अमेरिकन, आवाज मोठा. नवऱ्याला बघून तिने काउंटरमागून हात वर केले. "कुठे होतास? मला वाटलं मेलास!" तो हसला. तिला त्याने ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. तो खिडकीपाशी रॉड बघत उभा राहिला.

ती दोरी बदलायला बसली. मी चमच्यांची पेटी काउंटरवर ठेवली होती. तिने ती सहज उघडली आणि हात थांबवला.

"हे कोणी केलं?"

तोच प्रश्न, इंग्रजीत. "मी," मी म्हटलं. "घासले. काळे पडले होते."

"पडले नव्हते, हनी. त्याने पाडले होते." तिने आवाज खाली आणला, तेवढ्यावरून कळलं की तिला त्याच्यातला बदल दिसला होता. "अख्खा सप्टेंबर याच्यावर बसला होता तो. अंडं उकडायचं, अर्धं करायचं, चमच्यांबरोबर बंद डब्यात ठेवायचं. अंड्यातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. बरेच लोक करतात, पण याच्यासारखं कुणी नाही. एक दिवस ठेवला की बदामी, दोन दिवस ठेवला की कॉफी, तीन दिवसांनी काळा. मला वहीत लिहून दिलंय त्याने."

"आणि नेलपॉलिश काढायची बाटली?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही. वाक्य तोंडातून निघालं तेव्हा उत्तर कळलं होतं.

"नव्या चमच्यांवर पारदर्शक थर असतो, तो आधी काढावा लागतो. नेलपॉलिश रिमूव्हरने. बायकोची बाटली चोरलीय, म्हणत होता. तिला सांगू नकोस, म्हणाला."

"हे त्याने तुम्हाला कधी सांगितलं?"

"ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात."

"नक्की?"

"नक्की. त्याच्या पुढच्या सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तू पोलीस आहेस का?"

"नाही," मी म्हटलं. "पेपरात होते."

तिने काउंटरखालच्या खणातून एक चमचा काढला. जुन्या तांब्याच्या नाण्यासारखा तपकिरी, कडेला जरा गडद, मध्ये फिकट. त्याने तिला दिलेला. एकसारखा रंग चढलेला होता, कुठे डाग नाही, ओघळ नाही. ते काम हयगयीचं नव्हतं. तिने तो मला देऊ केला. मी घेतला नाही. मग तिने तो पेटीत टाकला आणि झाकण लावलं.

जलाशयावर ऊन होतं. पाणी इतकं स्वच्छ की काठचे दगड बऱ्याच खोलपर्यंत दिसत होते. मी पेटी उघडून त्याच्यासमोर धरली. तपकिरी चमचा वरच होता. त्याने त्याच्या शेजारचा उचलला, मी घासलेला, सोन्यासारखा चकाकणारा, आणि मला गळ अडकवायला सांगितलं. फेकणं त्याच्या हाताला आठवत होतं. चमचा लांब, सरळ गेला. तो मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार. चारनंतर पुन्हा दोन. मासा लागला नाही.

घरी आल्यावर मी लेकीला फोन केला. तिच्याकडे दुपार होती, दोन पेशंटच्या मधला वेळ. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं. रिमूव्हर कशासाठी होतं. अंडं कशासाठी होतं. त्या शुक्रवारी त्याला चमचे का निवडता आले नाहीत: उद्याच्या उन्हासाठी जे मंद चमचे हवे होते ते टॉवेलवर नव्हतेच. मी ते घासून टाकले होते. तो चाळीस मिनिटं बसला होता कारण उत्तर त्याला माहीत होतं आणि वस्तू समोर नव्हती.

लेक मराठीत बोलली. ती क्वचितच बोलते.

"आई, पण जानेवारीत तो हरवला होता ना."

"जानेवारीत. मी ऑक्टोबरचं सांगतेय."

"इट डझन्ट चेंज एनीथिंग, आई."

"माहीत आहे."

"मग कशाला सांगतेस?"

पेपरात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा द्यावा लागतो. चूक ज्या आकाराच्या अक्षरात होती त्याहून तो नेहमी लहान असतो, पण असतो. मी तिला तसं काही म्हटलं नाही. ठेवते, म्हटलं.

वहीत मी त्या तीन नोंदींसमोर खुलासे लिहिले, तारखेसह. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवले. त्यांनी वाचले आणि खेद वाटतो म्हणाले. तेव्हा चाचणी घेतली असती तर निकाल काय लागला असता हे आता सांगता येणार नाही, असंही म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे. नोव्हेंबर ते जानेवारी, दोन-अडीच महिने. पाणी गार होत जातं आणि मासा काठाला असतो, ते. तेवढे त्याचे होते.

त्याला मी शब्दांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला आधी ते सगळं आठवावं लागलं असतं.

एप्रिल लागला होता. हंगामाचे दोन-तीन आठवडे उरले होते. एका बुधवारी मी त्याचं पातेलं काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अंडं उकडलं. किती वेळ लागतो ते फोनवर पाहिलं. सालासकट सुरीने दोन तुकडे केले. त्याच्या पकडीने चमच्यांचे गळ काढले, कागदात गुंडाळले. श्रीखंडाचा दुसरा डबा शोधला. वाटी तीच. टूथपिक घातल्या, चमचे एकमेकांना टेकणार नाहीत अशा. झाकण लावलं आणि डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. दुकानातल्या बाईच्या म्हणण्याप्रमाणे तीन दिवस. शनिवारी सकाळी ते काळे व्हायला हवे होते आणि शनिवारी ऊन पडणार होतं.

शनिवारी मी आंघोळ करून आले तेव्हा तो टेबलापाशी उभा होता. डबा उघडा होता. वास खोलीभर होता. चमचे काळे झाले होते. त्याच्यासारखे एकसारखे नाहीत, पण झाले होते.

"हे तू ठेवलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"चमच्यांच्या डब्यात? अंडं?"

"काळे व्हायला. ऊन आहे ना आज. तूच करायचास असं."

तो माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला ओळखीची होती. ती मी त्याच्याकडे दोन वर्षं बघताना वापरली होती. त्याने पुढे काही विचारलं नाही. वाटी उचलली, अंडं कागदात गुंडाळलं, कचऱ्याच्या डब्यात खाली सरकवलं आणि त्यावर कालचा पेपर टाकला, दिसू नये असा. मग एकेक चमचा नळाखाली धरून धुतला, टॉवेलवर ओळीने ठेवला. डाग गेले नाहीत.

"चिंच आहे का घरात?" तो म्हणाला.

मी चिंच भिजत घातली. तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"होतं असं," तो म्हणाला. "घाबरायचं नाही. आपण घासून टाकू, कळणारसुद्धा नाही कुणाला."

"बरं," मी म्हटलं.

"पोरीला सांगू नकोस. डॉक्टरला तर नाहीच नाही." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "सांगितलं की गाडी काढून घेतात."